तळीत नवं तण दिसलं? ते किती पसरेल याचा अंदाज असा घ्या

तळीच्या कडेला अनोळखी हिरवा पुंजका दिसला की आपण आधी तो केवढा आहे ते बघतो. पण आजच्या आकारावरून फारसं काही कळत नाही. ते तण वाढतं कसं, एका तळीतून दुसरीत जातं कसं आणि इथे गोव्यात त्याला कोण अडवणार, हे बघायला हवं.

उपटायची घाई नको. साळकं आणि कमळं आपलीच आहेत, चुकून तीच काढली जायची. फुगीर देठ आणि जांभळट फुलं असतील तर ती जलपर्णी. तरंगणाऱ्या पानांवर बारीक लव असेल तर एक पान भिंगाखाली धरा. प्रत्येक केसाचे फाटे टोकाशी पुन्हा जुळून अंडी फेटायच्या तारेसारखे दिसले, तर तो बहुधा साल्विनिया मोलेस्टा. ओळख पटत नसेल तर पान, मूळ आणि फूल यांचे जवळून फोटो घेऊन वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांना दाखवा.

नाव कळलं की त्याची कुंडली काढा. दुसऱ्या उष्ण प्रदेशात ते उपद्रवी ठरलं आहे का, हाच सगळ्यात भरवशाचा प्रश्न. साल्विनिया मूळचा ब्राझीलचा. केरळात त्याने भातशेती आणि कालवे अडवले होते, १९८०च्या दशकात सोडलेल्या सोंडकिड्यांनी तो आटोक्यात आला. ऑस्ट्रेलियात नवी वनस्पती देशात आणू द्यायची का, हे ठरवायला ४९ प्रश्नांची गुणपद्धत आहे. ६ पेक्षा जास्त गुण मिळाले की प्रवेश बंद.

आता बादलीची चाचणी. तळीचंच पाणी घ्या, त्यात १० पानांइतकं तण सोडा, बादली उन्हात ठेवा आणि वर मच्छरदाणीचा तुकडा बांधा, नाहीतर डासांची पैदास घरातच व्हायची. १४ दिवसांनी पानं मोजा. ४० झाली असतील तर ती दोनदा दुप्पट झाली, म्हणजे दुपटीचा काळ ७ दिवस. या वेगाने १ चौरस मीटरचा पुंजका दहाव्या आठवड्यात जेमतेम हजार चौरस मीटर होतो, हेक्टरभर तळीचा दहावा हिस्सा. चौदाव्या आठवड्यात तळी भरलेली! प्रत्यक्षात दाटी झाली की वेग मंदावतो, पण अंदाजाला एवढं पुरे. चाचणी संपली की तण कोरड्या जागी वाळवा. गटारात किंवा ओहोळात चुकूनही टाकू नका.

वाढ तुकड्यांतून की बियांतून, हेही बघा. साल्विनिया वांझ आहे, पण तुटलेल्या एका फांदीतून पुन्हा उभा राहतो. जलपर्णीचं बी चिखलात वीस वर्षंही जिवंत राहू शकतं, म्हणून एकदा तळी साफ केली की सुटलो असं होत नाही.

गोव्यात खारं पाणी हा मोठा पहारेकरी. समुद्राच्या पाण्याच्या चौथ्या हिश्शाइतक्या खारटपणातही जलपर्णी तग धरत नाही. त्यामुळे भरतीचं पाणी पोचतं तिथे उन्हाळ्यात धोका कमी. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या भरतीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या, आतलं गोडं पाणी, करमळीसारख्या गोड्या तळ्या आणि साळ नदीचा वरचा भाग यांना मात्र हा आधार नाही. खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीत, पाणी मार्च-एप्रिलमध्ये तपासा. पावसाळ्यात सगळीकडेच गोडं पाणी असतं, तेव्हाचं मोजमाप फसवं.

शेवटी वाटा शोधा: पुरात वर कुठली तळी फुटून इकडे येते, जाळी आणि होड्या कुठून येतात, साफसफाईचा जेसीबी आधी कुठे चालला होता, जवळपास कोणी मत्स्यालयातली झाडं ओततं का. यातल्या दोन-तीन वाटा उघड्या असतील आणि दुपटीचा काळ दोन आठवड्यांच्या आत असेल, तर तण हेक्टरभर पसरायची वाट पाहू नका. फोटो, दुपटीचे दिवस आणि पाण्याच्या खारटपणाची नोंद घेऊन पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जा. पुंजका बादलीत मावतो तोवर तो हातांनी काढता येतो, पुढे यंत्र आणावं लागतं.