उसात मांजर दिसलं? नोंद अशी करा

ऊसतोड सुरू झाली की जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात एखाद्या फडातून हाक येतेच, "बिबट्याची पिल्लं सापडली!" प्रत्येक वेळी ती बिबट्याचीच असतात असं नाही. कधी वाघाटीची, म्हणजे अंगावर ठिपके असलेल्या छोट्या जंगली मांजराची निघतात, कधी रानमांजराची. वाघाटी पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास भरते, घरच्या बोक्याहून लहान.

१. पिल्लं दिसली तर आधी कोयता खाली. तेवढ्या सऱ्या सोडा, जागेवर खुणेची काठी रोवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. आई बहुधा जवळपासच असते. वनविभागाच्या माणसांनी पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली, तर अनेकदा रात्रीतून आई ती उचलून नेते. ती घरी नेली, सेल्फीसाठी हातोहात फिरवली, की हे सगळं अवघड होऊन बसतं. जागा चुकली तरी तेच.

२. जात ठरवायची घाई नको. रानमांजराचे पाय उंच, अंग जवळपास बिनठिपक्यांचं, शेपूट आखूड आणि टोकाकडे काळी वलयं. वाघाटीच्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावरून मागे जाणारे पट्टे. खात्री नसेल तर "मांजरकुळातलं, जात नक्की नाही" असं सरळ लिहा. ठोकून दिलेल्या नावापेक्षा ही नोंद लाखमोलाची.

३. पायाचा ठसा मिळाला तर मापासाठी शेजारी काडेपेटी ठेवा आणि बरोबर वरून फोटो घ्या. सकाळच्या तिरप्या उन्हात कडा स्पष्ट येतात. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजरकुळाच्या सहसा नाही. निसरड्या चिखलात मात्र त्यांचीही उमटू शकतात, म्हणून ओळीतले तीन-चार ठसे टिपा.

४. लगेच लिहून ठेवा. रात्री जेवताना गोष्ट वाढत जाते, प्राणीही. नोंद अशी असावी: "12 जानेवारी, सायं. 6.40. ओढ्याकडचा बांध. एकटं. पाचेक सेकंद दिसलं, उसातून निघून पश्चिमेला गेलं." सोबत गट नंबर किंवा मोबाइलवरचं लोकेशन.

५. कळवायचं वनरक्षकाला, गावच्या ग्रुपवर नाही. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फोटो जसाच्या तसा जातो आणि त्यात लोकेशन नोंदलेलं असेल तर तेही टिकतं. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर ठिकाण अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडा, कारण नेमकी जागा शिकाऱ्यालाही उपयोगी पडते. वस्तीजवळ बिबट्या दिसला तर गोष्ट वेगळी. तिथे शेजाऱ्यांना, पोलीस पाटलांना ताबडतोब सांगायलाच हवं. फक्त भलत्याच तालुक्यातला जुना व्हिडिओ त्यात घुसडू नका.

रस्त्यावर मेलेलं मांजरही मोजायचं असतं. गाडी सुरक्षित बाजूला घ्या, अंगाचा आणि शेपटीचा फोटो काढा, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा टिपा. एकाच वळणावर अशा तीन-चार नोंदी झाल्या, की तिथे गतिरोधक मागायला हातात काहीतरी असतं.