घरातल्या घरात रेडिओ : नवा ट्रान्समीटर आणण्याआधी या चुका टाळा

आमचं घर सांगलीत विश्रामबागला. दुमजली, सगळं स्लॅबचं, आणि स्वयंपाकघर खाली मधोमध. आईला लागायचं आकाशवाणीचं सांगली केंद्र, मिडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झ. ओट्याजवळ ते लावलं की तळणीत मोहरी टाकल्यासारखा आवाज, आणि त्यातून मधूनच निवेदकाचा एखादा शब्द. तोच रेडिओ गच्चीवरच्या खोलीत नेला की स्वच्छ. या लहरींची लांबी २४० मीटरच्या आसपास, त्यामुळे लोखंडी सळ्यांच्या जाळ्यात बसलेल्या घरात त्या नीट शिरत नाहीत. त्यात घरातल्या विजेच्या वस्तूंची खरखर.

मग मी एक जुगाड केला. वरच्या खोलीत एक रेडिओ, त्याच्या हेडफोनच्या पिनेतून वायर एका छोट्या एफएम ट्रान्समीटरला (आलेला आवाज एफएमवर सोडणारी डबी, गाडीत लावतात तसली), आणि खाली आईच्या रेडिओवर तेच स्टेशन एफएमला. जोडणी दोन तासांत झाली. नीट ऐकू यायला दोन महिने गेले.

सगळ्यात महागातली चूक म्हणजे ट्रान्समीटरला दोष देणं. खाली खरखर आली म्हणून मी दुसरा आणला. खरखर तीच! ट्रान्समीटरला आत जे मिळतं तेच तो बाहेर सोडतो. म्हणून आधी एक करा : वरची ऑडिओ पिन उपसा आणि खाली येऊन ऐका. खालचा रेडिओ एकदम गप्प झाला तर ट्रान्समीटर आणि मधला रस्ता ठीक आहे, दोष वरच्या रेडिओत येणाऱ्या आवाजात आहे. पिन काढूनही सूं सूं चालू असेल तर खालपर्यंत सिग्नल पोचत नाही. तेव्हा ट्रान्समीटर जिन्याच्या तोंडाशी आणा किंवा खालच्या रेडिओची दांडी (एरियल) पूर्ण उघडा. निम्मे लोक ती दांडी मिटवूनच ठेवतात. एवढी एक परीक्षा मी पहिल्या दिवशी केली असती तर दुसऱ्या ट्रान्समीटरचे पैसे वाचले असते.

आमच्याकडे दोष वरच होता. रेडिओ सेलवर ठेवून घराचा मेन स्विच बंद केला आणि सांगली केंद्र असं लागलं की भर दुपारी मीच चकित झालो. मग एकेक स्विच चालू करत गेलो. जिन्यातला एलईडी बल्ब लावला, खरखर. राउटरचा अडॅप्टर लावला, आणखी खरखर. आणि तिसरा चोर निघाला ट्रान्समीटरचाच चार्जर, कारण मी रेडिओ त्याच्यावरच ठेवला होता! दोन्हींत दीड-दोन मीटर अंतर ठेवलं, बल्ब बदलला, राउटर दुसऱ्या खोलीत नेला. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. मिडियम वेव्हला बाहेरची दांडी काही कामाची नाही, आतली फेराइटची कांडी सिग्नल पकडते आणि तिला दिशा कळते. रेडिओ जागेवरच हळूहळू फिरवा. एका कोनात केंद्र जवळजवळ बुडतं, तिथून काटकोनात वळवलं की वर येतं.

खरखर गेली आणि गुणगुण उरली. आईच्या शब्दांत, ‘कानात भुंगा शिरल्यासारखं होतंय रे, बंद कर ते.’ रेडिओ आणि ट्रान्समीटर दोन्ही विजेच्या अडॅप्टरवर असले की वायरीतून ५० हर्ट्झची ही गुणगुण घुसते. एकाला सेलवर टाका, बहुतेक वेळा जाते. मी ट्रान्समीटरला पॉवर बँक लावली, तर ती थोड्या वेळानं आपोआप बंद पडायची. एवढी कमी वीज लागतेय म्हणजे काही जोडलेलंच नाही, असा तिचा समज. शेवटी रेडिओ सेलवर आणि ट्रान्समीटर चार्जरवर, असं ठरलं.

आवाजाचं बटण हाही नेहमीचा घोळ. वरच्या रेडिओचा आवाज फुल्ल केला तर खाली ‘स’ आणि ‘श’ फाटतात, गाणं चिरकतं. फार कमी ठेवला तर खाली आवाज वाढवावा लागतो आणि त्याबरोबर सूं सूं वाढते. बातम्या लावून फाटेपर्यंत वाढवा, मग थोडा मागे घ्या. गाण्यावर हे जमत नाही, बोलण्यावर लगेच कळतं.

फ्रिक्वेन्सी निवडताना दिवसा एकदा आणि रात्री एकदा ऐकून खात्रीनं रिकामी जागा घ्या. कोल्हापूर आकाशवाणीच्या १०२.७ ला चिकटून बसू नका. वरचा रेडिओही एफएमच असेल तर एक छुपी भानगड आहे : जुन्या धाटणीच्या बहुतेक रेडिओंच्या आत एक ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच लहरी तयार करणारा भाग, लावलेल्या स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झनं वरच्या फ्रिक्वेन्सीला चालू असतो. रेडिओ ८९ वर असेल तर ९९.७ ला त्याची हलकी शिट्टी असते. ती जागा टाळा.

दुकानात मिळणारं एका ट्रान्झिस्टरचं ट्रान्समीटर किट या कामाला घेऊ नका. ते तापलं की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते, हात जवळ नेला तरी सरकते, आणि १०८ मेगाहर्ट्झच्या वर विमानांचा पट्टा सुरू होतो. कोल्हापूरचं उजळाईवाडीचं विमानतळ आपल्यापासून काही फार लांब नाही. याच कारणानं लांब वायर लावून ‘शेजाऱ्यांनाही ऐकू दे’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. भारतात परवान्याशिवाय प्रसारण करता येत नाही. बिहारमधल्या मनसूरपूर गावात एका तरुणानं असंच घरगुती एफएम केंद्र चालवलं होतं. लोकांना ते फार आवडायचं, तरी २००६ मध्ये सरकारनं बंद केलं. अंगणाच्या फाटकापाशी जाऊन खिशातल्या रेडिओवर ऐकून बघा. तिथं येत असेल तर ट्रान्समीटर आत सरकवा.

आता बरेच जण वरच्या रेडिओऐवजी मोबाइलवरचं, आकाशवाणी ऐकवणारं न्यूज ऑन एअर ॲप जोडतात. खरखरीचा प्रश्नच मिटतो, पण ते काही सेकंद मागे चालतं, म्हणजे शेजारी खरा रेडिओ लागला असेल तर दोन्हींचा मेळ बसत नाही. आणि फोन विमान मोडवर टाकून वायफाय तेवढं चालू ठेवा. मी एकदा विसरलो. भजन चालू असताना फोन वाजला, तर आईच्या रेडिओतून माझी रिंगटोन, आणि आई खालून ओरडतेय, ‘अरे, आकाशवाणीवाल्यांचा फोन कुणी उचलत का नाहीये?’