मॉनिटरचा उजेड मोजताना या चुका टाळा

दृष्टीच्या प्रयोगात सर्वांत जास्त घोटाळा १२८ या आकड्याने केला आहे. पिक्सेलची किंमत ० ते २५५, म्हणजे १२८ हा बरोबर मधला राखाडी, असं नवीन मुलं सर्रास धरून चालतात. पण पडद्याचा उजेड आकड्याच्या प्रमाणात वाढत नाही. गॅमा (उजेड आकड्याच्या कितव्या घाताने वाढतो तो घातांक) २.२ असेल तर १२८ ला पूर्ण पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड मिळतो. निम्मा उजेड हवा असेल तर १८६ च्या आसपास जावं लागतं.

आमच्याकडे एका विद्यार्थ्याने गॅबर पट्ट्यांचा (कडेला विरत जाणाऱ्या फिकट-गडद पट्ट्यांच्या ठिपक्याचा) प्रयोग लावला होता. पट्ट्या डावीकडे आहेत की उजवीकडे, एवढंच ओळखायचं. पट्ट्या बारीक होत गेल्या की डोळ्याची कॉन्ट्रास्ट-संवेदनशीलता (उजेडातला बारीक फरक ओळखायची ताकद) झपाट्याने घसरायला हवी. याचा आलेख मात्र खाली यायलाच तयार नव्हता. दिसूच नयेत इतक्या बारीक पट्ट्यांनाही लोक बरोबर उत्तर देत होते. त्याला वाटलं, काहीतरी नवीन सापडलं. मी त्याला पडद्यापासून मागे मागे चालायला लावलं. पट्ट्या एकमेकींत मिसळून गेल्या, तरी त्या जागी फिकट डाग दिसतच राहिला. गॅमा दुरुस्त केलेला, म्हणजे उजेड आकड्याच्या प्रमाणात आणलेला, नसला की पूर्ण कॉन्ट्रास्टच्या पट्ट्यांचा सरासरी उजेड १२८ च्या पार्श्वभूमीच्या दीडपटीहून जास्त भरतो. लोक पट्ट्या ओळखतच नव्हते, डाग ओळखत होते. ‘आडव्या की उभ्या?’ असं विचारायला लावल्यावर बारीक पट्ट्यांची उत्तरं निव्वळ अंदाजावर आली. कित्येक आठवड्यांची मोजणी टाकून द्यावी लागली, आणि तीही अर्ध्या दिवसाचं माप घ्यायचा कंटाळा केला म्हणून. तेव्हापासून प्रत्येक नव्या पडद्यापुढे मी ही मागे चालण्याची परीक्षा घेतोच.

खोक्यावर २.२ लिहिलंय म्हणून तोच आकडा प्रोग्रॅममध्ये टाकणं मला अजिबात मान्य नाही. स्पॉट फोटोमीटर (पडद्याच्या एका ठिपक्याचा उजेड मोजणारं यंत्र) असेल तर अंधाऱ्या खोलीत, निरीक्षक बसतो त्याच जागेवरून, ० पासून २५५ पर्यंत सोळा-सतरा पायऱ्यांवर उजेड कँडेला प्रति चौरस मीटर या एककात लिहून घ्या आणि मग त्या आकड्यांवर वक्र बसवा. फोटोमीटर नसेल तर डोळ्याने जुळवा: एक ओळ काळी, एक पांढरी अशा आडव्या ओळींच्या चौकोनाशेजारी सपाट राखाडी चौकोन ठेवा, लांबून दोन्ही सारखे दिसेपर्यंत राखाडी बदला. तो आकडा म्हणजे निम्मा उजेड. पडदा त्याच्या मूळ रिझोल्यूशनवरच हवा, नाहीतर ओळी पुसट होतात आणि जुळणी फसते. मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपवर हे काम सोपवू नका.

दुसरी चुकीची सवय म्हणजे माप झाल्यावर बटणांना हात लावणं. एलसीडीवर ब्राइटनेसचं बटण सहसा मागचा दिवा कमीजास्त करतं, जुन्या सीआरटीवर (काचेच्या नळीच्या पडद्यावर) तेच बटण काळ्याची पातळी हलवायचं. कॉन्ट्रास्टचं बटण तर वक्राचा आकारच बिघडवू शकतं. मी बटणांची स्थिती कागदावर लिहून पडद्याच्या मागे चिकटवतो आणि मेनू लॉक करतो. नाइट लाइट, ट्रू टोन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, वीजबचत, खोलीच्या उजेडानुसार आपोआप बदलणारा ब्राइटनेस, सगळं बंद. ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट झाली की हे पुन्हा तपासा, कारण कलर प्रोफाइल गुपचूप बदललेलं असू शकतं.

पडदा सुरू केल्या केल्या मोजू नका, निदान अर्धा तास तापू द्या.

खोलीतला दिवा मालवा. काळा ०.३ आणि पांढरा १०० कँडेला प्रति चौरस मीटर असलेल्या पडद्यावर परावर्तित उजेडाचे फक्त ५ कँडेला पडले, तर ९९ टक्क्यांचा कॉन्ट्रास्ट ९० वर येतो.

तिरकं बसून मोजू नका. टीएन पॅनलवर (एलसीडीचा एक प्रकार) मान जरा हलली तरी आकडा बदलतो.

गॅमाची दुरुस्ती झाल्यावर पुन्हा मोजा, आणि वक्र बसवताना न वापरलेल्या किमतींवर मोजा. ही पायरी गाळणाऱ्याचा आलेख मी वाचायलाही घेत नाही.

शेवटी पायऱ्यांचा प्रश्न. ८ बिटांच्या (० ते २५५ पायऱ्यांच्या), गॅमा दुरुस्त करून सरळ केलेल्या पडद्यावर मधल्या राखाडीभोवती सर्वांत लहान कॉन्ट्रास्ट सुमारे ०.८ टक्के मिळतो. मध्यम जाडीच्या पट्ट्या चांगल्या डोळ्यांना त्याहून कमी कॉन्ट्रास्टलाही दिसतात. तेव्हा उंबरठा (जेमतेम दिसणारा कॉन्ट्रास्ट) मोजायचा असेल तर १० बिटांचा पडदा किंवा डिदरिंग (शेजारच्या पायऱ्या मिसळून मधली छटा भासवणं) यांची सोय आधी करा, आणि ग्राफिक्स कार्ड खरोखर १० बिट पाठवतंय का, तेही फोटोमीटरनेच पाहा.