घरातील संगणकांमध्ये फाइली सामायिक कशा कराव्यात

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात घरातली कागदपत्रे दोन भाषांत असतात. शेताची पहाणी आणि वीजबिल कन्नडमध्ये, तर आजोबांच्या काळचे वाटणीपत्र मराठीत. ती स्कॅन करून पेन ड्राइव्हवरून या संगणकातून त्या संगणकात नेत राहिले, की वर्षभरात एकाच कागदाच्या तीन प्रती तयार होतात आणि शेवटची कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा कागद एकाच संगणकावर ठेवावेत आणि इतरांनी ते तिथूनच उघडावेत. यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही, इंटरनेटसाठी बसवलेला राउटर पुरतो. फाइली घरातल्या घरातच फिरत असल्यामुळे बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी हे काम चालते आणि डेटाही खर्च होत नाही. पुढील कृती विंडोज ११ साठी आहे.

प्रथम जोडणीचा विचार करावा. जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून वायफाय, विशेषतः ५ गिगाहर्ट्झचे, पलीकडच्या खोलीत फार क्षीण पोहोचते, म्हणून ज्या संगणकावर फाइली राहणार आहेत तो तरी केबलने राउटरला जोडावा. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते. राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर लग्नाचे १० जीबीचे चित्रीकरण पाठवायला साधारण पंधरा मिनिटे लागतात. गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट असतील तर तेच काम दीड-दोन मिनिटांत होते. केबल घराबाहेरून, अंगणावरून नेऊ नये, कारण वळिवाच्या पावसात वीज कडाडली की तिच्यातून आलेला विजेचा झटका दोन्ही टोकांची यंत्रे जाळू शकतो.

आता मुख्य संगणकाच्या, म्हणजे ज्यावर फाइली राहणार आहेत त्याच्या, सेटिंग्जमध्ये जाऊन चालू जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करावा. त्यानंतर 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेट नेटवर्कखालील 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' हे दोन पर्याय सुरू करावेत. त्याच पानावर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' हा पर्याय असतो. तो बंद करा असा सल्ला पुष्कळ जण देतात, पण तो कृपा करून मानू नका. ज्या फोल्डरमध्ये आधार कार्डे आणि जमिनीचे कागद आहेत, तो घरच्या वायफायवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनला खुला ठेवणे योग्य नाही. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू करावे, मात्र आपला एखादा संगणक चुकून त्यावर राहिला तर त्याला मुख्य संगणक दिसणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

पासवर्डचा घोळ टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुख्य संगणकावर केवळ या कामासाठी एक साधे स्थानिक (केवळ त्याच संगणकापुरते) खाते उघडणे आणि त्याला पासवर्ड देणे. संगणक उघडताना आपण जो चार आकडी पिन टाकतो तो नेटवर्कवरून चालत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते.

त्यानंतर डी ड्राइव्ह असेल तर तिथे, नाहीतर सी ड्राइव्हवर थेट, एक नवा फोल्डर करावा. संपूर्ण ड्राइव्ह सामायिक करू नये. फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधील 'शेअरिंग' या भागात 'शेअर' हे बटण दाबावे, नवे खाते यादीत घालावे आणि त्याला केवळ वाचण्याची की बदल करण्याचीही मुभा द्यायची ते ठरवावे.

दुसऱ्या संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि त्यांना जोडून मुख्य संगणकाचे नाव लिहून एंटर दाबावे. विचारल्यावर मुख्य संगणकाचे नाव, एक उलटी रेघ आणि नव्या खात्याचे नाव असे लिहून पासवर्ड द्यावा. फोल्डर उघडला की 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून त्याला कायमचे एक अक्षर द्यावे. काहीच उघडले नाही तर मुख्य संगणक झोपी गेला आहे का ते आधी पाहावे, बहुतेक वेळा कारण तेच असते. जुना संगणक जोडण्यासाठी एसएमबी १ ही फाइली सामायिक करण्याची विंडोजमधील जुनी पद्धत सुरू करा असे कोणी सुचवले तरी करू नये. २०१७ साली वॉनाक्राय हा व्हायरस याच जुन्या पद्धतीतील त्रुटीमुळे जगभर पसरला होता.

नेटवर्कवरून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट नाहीशी होते. म्हणून सामायिक फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर दर आठवड्याला घ्यावी आणि लहान मुलांच्या संगणकाला फक्त वाचण्याची मुभा असलेले वेगळे खाते द्यावे.

आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते. श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला जुना मराठी अर्ज किंवा नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमधले पत्र दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांत दिसते. फाइल तिथे पोहोचते, फॉन्ट पोहोचत नाही. तो फॉन्ट तिथेही बसवावा, किंवा मूळ संगणकावरच पीडीएफ करून ती प्रत सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी.