अंगणवाडी दोन गल्ल्या पलीकडेच होती: मुलांसाठीच्या सोयी शोधताना या चुका टाळा

आमच्या शेजारच्या सूनबाईंना मुलगी झाली आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. 'मुलगी झाली? सरकार देतंय १ लाख १ हजार. आजच फॉर्म भरा.' खाली लिंक. ती उघडेना, म्हणून सासरे झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथे ५० रुपयांना छापील फॉर्म मिळाला. तो भरून तहसीलला नेला, तिथून त्यांना पंचायत समितीत पाठवलं, तिथे जेवणाची सुट्टी. या येरझाऱ्यांत महिना गेला. योजना खरीच होती, लेक लाडकी. पण अर्ज ज्यांच्याकडे द्यायचा त्या अंगणवाडी सेविका दोन गल्ल्या पलीकडे राहतात. याच सूनबाईंना गरोदरपणात पोषण आहाराची पाकिटं त्याच देत होत्या.

गेली काही वर्षं आमच्या तालुक्याच्या गावात मी आयाबापांची ही पळापळ बघते, थोडीफार त्यांच्याबरोबर पळतेही. सोयी नाहीत म्हणून पळापळ होते असं नाही. पुष्कळदा दार चुकलेलं असतं.

'आधी नेटवर बघू'

बघा, हरकत नाही. पण नेटवर योजनेचं नाव सापडतं, तुमच्या गल्लीतलं माणूस सापडत नाही. त्यातून नावं बदलतात, दोन योजनांची एक होते, आणि जुने मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात. त्यापेक्षा मुलाचं वय धरून चाला. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत काहीही असो, पहिला प्रश्न अंगणवाडी सेविकेला. शाळेत जायला लागलं की मुख्याध्यापकांना. तब्येतीचं असेल तर आशाताई किंवा नर्सबाईंना. मुलाला आई किंवा वडील नसतील, घर मोडलं असेल, तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. मूल संकटात असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन, रात्री दोन वाजतासुद्धा.

शहरात अंगणवाडी सापडत नाही, ही तक्रार खरी आहे. पाटी नसते. कुठे समाजमंदिराच्या मागे, कुठे भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत भरते. लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात जाऊन विचारा, तिथे आलेल्या दहातल्या चार बायकांना तरी पत्ता माहीत असतो.

लेक लाडकीबद्दल आणखी एक गैरसमज. ते १ लाख १ हजार एकरकमी मिळत नाहीत. जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि मुलगी १८ वर्षांची झाल्यावर ७५ हजार. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी हवं, आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतरची (तो दिवस धरून). मेसेजमध्ये यातलं काहीच नसतं, म्हणून पांढऱ्या कार्डवालेसुद्धा रांगेत उभे राहतात.

'ते गरिबांसाठी असतं'

अंगणवाडीसाठी रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आज तिथला आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरणाचा पाठपुरावा, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिकणं, हे कुठल्याही घरातल्या मुलाला खुलं आहे. फ्लॅटमधली आई महिना दोन हजार भरून नर्सरी लावते आणि मुलाचं वजन शेवटचं कधी केलं ते तिला आठवत नाही. नर्सरी लावू नका असं माझं म्हणणं नाही. महिन्यातून एकदा वजनाला तरी घेऊन जा.

छंद आणि खेळ यांतही हेच. पुण्यात सारसबागेजवळचं गरवारे बालभवन, मुंबईत चर्नी रोडचं जवाहर बालभवन ही नावं माहीत असलेले पालक दुसऱ्या गावात बदली झाली की 'इथे काहीच नाही' म्हणतात. आपल्या गावचं सार्वजनिक वाचनालय त्यांनी पाहिलेलं नसतं. शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ड वर्गातलं एका खोलीचं वाचनालयसुद्धा मुलांची मासिकं ठेवतं, आणि महिन्याची वर्गणी वडापावच्या दोन प्लेटींइतकी असते. फक्त संध्याकाळी जा. सकाळी तिथे पेपर वाचणाऱ्या आजोबांचं राज्य असतं.

'बोलेल हळूहळू'

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबते.

माझ्या नणंदेचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी 'मम' आणि 'जा' एवढंच बोलायचा. घरात एकच सूर: याचे बाबा चार वर्षांपर्यंत बोलत नव्हते, आता बघा, गप्प बसत नाहीत. एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. कुकरची शिट्टी झाली, ओट्याखालचं मांजर दचकून पळालं. हा तिथेच पाठमोरा बसून डब्यांची झाकणं लावत होता, मानसुद्धा वळवली नाही. त्याला ऐकूच कमी येत होतं. अडीच वर्षं आम्ही सगळे त्याच्या बोलण्याची वाट बघत बसलो होतो. कानाचा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

या कामासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ पासून. डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी व अनुदानित शाळांत येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. जन्मतः हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, कमी ऐकू येणं, उशिरा बोलणं, सगळं त्यात बसतं. पुढच्या तपासण्या आणि शस्त्रक्रियाही मोफत. इतकं असूनही मुलं निसटतात, ती अशी.

पहिलं, पथक येतं त्या दिवशी मूल गैरहजर असतं. तारीख आधी विचारून ठेवा. दुसरं, पथक संदर्भ चिठ्ठी देतं आणि ती दप्तरात राहते. एका मुलीच्या दप्तरातून मी दिवाळीनंतर, जुलैची तारीख असलेली चिठ्ठी काढली आहे, बोरकुटाच्या पुडीला चिकटलेली. तिसरं, मूल खासगी इंग्रजी शाळेत आहे, तिथे पथक जात नाही, म्हणून आपल्याला हे लागू नाही असं पालक समजतात. थेट जिल्हा रुग्णालयात जा. तिथे शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. गेटवर 'लहान मुलांचं डीईआयसी कुठं?' असं विचारलं तर दाखवतात, 'स्पीच थेरपी' म्हटलं तर तिसऱ्याच मजल्यावर पाठवतात. जाण्याआधी वार विचारा. कानाचे किंवा मानसोपचाराचे डॉक्टर तिथे रोज बसतातच असं नाही, आणि ६० किलोमीटर एसटीने जाऊन 'गुरुवारी या' ऐकण्यासारखा वैताग नाही.

नणंदेच्या मुलाची बेरा चाचणी झाली, म्हणजे त्याला किती ऐकू येतं ते तपासलं, आणि कानाला मशीन लागलं. पहिल्या आठवड्यात तो ते काढून डाळीच्या डब्यात टाकायचा. आता पाच वर्षांचा आहे, आणि त्याचे बाबा म्हणतात, हाही गप्प बसत नाही.

शाळेतल्या मुलांबाबत याच चुकीची मोठी बहीण म्हणजे दहावीच्या वर्षी जागं होणं. मूल हुशार आहे, तोंडी सगळं सांगतं, लिहायला बसलं की अक्षरं उलटी पडतात. मास्तर म्हणतात आळशी, आई म्हणते मोबाइल. ही अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी ठरलेल्या सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र आणि शाळेमार्फत प्रस्ताव लागतो. तपासणी एका बैठकीत होत नाही. जानेवारीत धावणाऱ्या पालकांना मी दरवर्षी बघते. तिसरी-चौथीतच शंका आली पाहिजे. आली की शाळेतून गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवायला सांगा. बऱ्याच शाळांना ते माहीत असतात, बोलवायचं कोणाला सुचत नाही.

पोरगा बोलत नाही, म्हणून आईच बोलते

दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं. पाळीच्या तक्रारी, वजन, व्यसन, प्रेमातले घोळ, अभ्यासाची भीती, सगळं तिथे बोलता येतं. चूक अशी होते की आई शेजारच्या खुर्चीत बसते आणि समुपदेशकाने मुलीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं स्वतः देते. बाहेर बसा, चहा घ्या. मूल यायला तयारच नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, 'फोन कर' म्हणून मागे लागू नका.

'नाव नंतर घालू'

जन्माची नोंद दवाखान्यातून होते, पण नाव बारशानंतर ठरतं, आणि नाव नसलेला दाखला वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतो. नोंदीपासून एक वर्षाच्या आत नाव घालायला पैसे पडत नाहीत. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागणार. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावाचा क्रमही ठरला आहे: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. दाखल्यावर एक क्रम, आधारवर दुसरा, असं झालं की पुढे प्रत्येक खिडकीवर तुम्हालाच खुलासा करावा लागतो. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यायचे असतात, तेही विसरलं जातं.

आणि बँक. 'आधार लिंक आहे' म्हणून भागत नाही. सरकारी पैसे आधार ज्या खात्याला सगळ्यात शेवटी जोडलं त्याच खात्यात जातात, फॉर्मवर तुम्ही कुठलाही नंबर लिहा. अर्ज करण्याआधी आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगमध्ये कुठली बँक दिसते ते बघा.

कॅफेवाला आणि एजंट

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांचा अर्ज मोफत आहे. तो भरताना नकाशावर घराची खूण करायची असते आणि शाळेचं अंतर तिथूनच मोजतात. नेट कॅफेतला पोरगा घाईत खूण जिथल्या तिथे ठेवतो, म्हणजे त्याच्या कॅफेवर. सोडतीत नंबर लागतो, पडताळणीत पत्ता जुळत नाही, प्रवेश जातो. खूण स्वतः सरकवा, आपल्या घराच्या छपरावर आणून सोडा.

बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा निराधार मुलांसाठी महिना २,२५० रुपये मिळतात. त्याला बालकल्याण समितीचा आदेश लागतो. तो एजंट आणून देऊ शकत नाही, समितीपुढे मुलाला घेऊन तुम्हालाच जावं लागतं. मग एजंटला तीन हजार कशाचे? 'बाळ दत्तक द्यायचं आहे, संपर्क करा' हा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. २०२१ च्या मे महिन्यात कोविडच्या लाटेत असे मेसेज गावोगाव फिरले. कायद्याबाहेर मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, ते १०९८ ला कळवा.

कोयता घेऊन जाताना

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुलांना बरोबर नेतात, कारण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि घरी कोणी नसतं. जाण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल तर मूल गावातल्या नातेवाइकांकडे राहून शाळेत जेवू शकतं. बरोबर न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेतात. लहान बाळ असेल तर सेविकेला सांगून जा. तिकडच्या अंगणवाडीत त्याची नोंद होते, आहार तुटत नाही.

'साहेब म्हणाले, होईल'

साहेबांची बदली होते. कागद दिला की आवक क्रमांक आणि तारीख मागा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतो, त्याला मुदत ठरलेली आहे आणि मुदत उलटली तर अपील करता येतं. मात्र पोचपावती नसेल तर अपील कशावर करणार? आणि हे दाखले जूनमध्ये काढायला जाऊ नका. तेव्हा अख्खा तालुका दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या दारात असतो. मार्चच्या परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये उरकून टाका, फार तर ऊन लागेल.

शेजारच्या सूनबाईंची लेक लाडकीच्या अर्जाची पावती त्यांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरमागच्या खिळ्याला, गॅसच्या बिलाबरोबर अडकवलेली आहे. पहिला ५ हजारांचा हप्ता सहाव्या महिन्यात आला. तो त्यांच्या माहेरच्या, लग्नाआधी कॉलेजात असताना काढलेल्या खात्यात आला. ते खातं चालू आहे हे त्यांच्या वडिलांनी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं.