मेंढीची पापणी उलटून बघा

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हशी पाळतात, शेळ्या पाळतात. मेंढी म्हटली की लोक हसतात. मी बेळगावकडून चोर्ला घाट उतरवून बारा मेंढ्या आणल्या आणि पहिल्याच पावसात तीन घालवल्या. माळरानावर वाढलेलं जनावर मिरगाच्या तोंडावर इथे आणून सोडलं, इथेच चुकलं. तुम्ही दसऱ्यानंतर आणा.

आणल्या की जुन्या कळपात लगेच मिसळू नका. निदान तीन आठवडे वेगळ्या बांधा, पाण्याचं भांडंही वेगळं. दुसऱ्या खेपेला मी घाई केली. एकीच्या ओठांवर खपल्या होत्या, काट्यांनी ओरबाडलं असेल म्हणून सोडून दिलं. तो मावा हा तोंडाचा रोग होता. कोकरांच्या तोंडाला फोड, आयांच्या सडांना फोड, पाजायला कोणी उभी राहीना. माणसालाही हा रोग लागतो. माझ्या आंगठ्यावरचा फोड महिनाभर होता. तेव्हा हातमोजे घाला.

पण आपल्याकडे खरा घात करतो तो जंत. पोटात बसून रक्त पितो, बाहेरून मेंढी लोकरीमुळे धडधाकट दिसते. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा, पावसात आठवड्याला, पापणी बघायची. सकाळच्या उजेडात एका आंगठ्याने वरची पापणी हळूच डोळ्यावर दाबायची, दुसऱ्याने खालची खाली ओढायची. आतला रंग पिकल्या रातांब्यासारखा लाल असेल तर ठीक. सोललेल्या लसणीसारखा पांढरा दिसला, किंवा संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली, की डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी औषध. सरसकट सगळ्यांना पाजत सुटू नका, जंत औषधाला सरावतात. वजन करून मात्रा द्या; अंदाजाने कमी पाजलं तरी तेच होतं. पाजताना मान फार वर उचलू नका, औषध फुफ्फुसात जातं. दव सुकल्याशिवाय चरायला सोडायचं नाही, आणि गोगलगायी असलेल्या ओल्या शेतमळ्यात तर नकोच. तिथून यकृतातला चपटा जंत येतो.

खुरांचं दुखणं ओलीमुळेच. शेजारचे धनगर आजोबा म्हणाले, "बाबा, पावसात जनावर भुंयवर निजवू नको." मग पोफळीच्या रिपांचा माच केला, जमिनीपासून तीन फूट, लेंड्या खाली पडतील एवढी फट ठेवून. लंगडणं निम्म्यावर आलं. तरीही लंगडली तर खूर साफ करून दहा लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद घालून त्यात पाच मिनिटं उभी करा आणि मग कोरड्यावर न्या. ते पाणी मात्र तिला पिऊ देऊ नका. मोरचुदात तांबं असतं, ते मेंढीला सोसत नाही. गाईंची खनिज पावडर मेंढीला घालायची नाही ती याचसाठी.

लसी मे महिन्यात उरका. आंत्रविषाराची (एकदम जास्त खाल्लं की आतड्यात विष होऊन जनावर मरतं, तो रोग) पहिल्या वर्षी दोनदा, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, घटसर्पाचीही पावसाआधी. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, एक लस सुमारे तीन वर्षं चालते. त्या रोगाची खूण म्हणजे नाक-डोळे गळतायत, तोंडात फोड, वर हगवण आणि ताप १०४ च्या पुढे, असं एकत्र दिसलं तर मेंढी बाजूला काढा आणि पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात लगेच कळवा. थर्मामीटर घरी असू द्या, गुदद्वारात घालून बघायचा.

मेलेलं जनावर नदीत लोटू नका. आधी डॉक्टरांकडून चिरून तपासून घ्या, मग खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. माझी तिसरी मेंढी कशाने गेली ते तसंच कळलं. गणेशचवथीचा उरलेला भात वाया नको म्हणून बायकोने टोपलीभर घातला होता, तीच सगळ्यांना ढकलून आधाशासारखी खात होती. सकाळी पाय ताणून पडलेली. आंत्रविषार. ती लस मी "पुढच्या महिन्यात" घेणार होतो.