फौजी पगाराची जुनी छपाई बंद करायचीय? आधी अट नेमकी कुठे लिहिलीय ते शोधा

पगाराचे रूल्स, भत्त्यांच्या दुरुस्त्या, सगळं छापून गठ्ठे पाठवायलाच लागतात असं ऑफिसात कोणी म्हणालं की एकच विचारायचं, कुठे लिहिलंय ते दाखवा. बऱ्याचदा उत्तर "पहिल्यापासून असंच चालतं" एवढंच निघतं.

आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम १९३ सांगतं की या कायद्याखालचे रूल्स गॅझेटमध्ये पब्लिश व्हायला हवेत, झाले की ते कायद्यातच असल्यासारखे लागू होतात. आता पब्लिश म्हणजे कागदच का? तर नाही, आयटी अ‍ॅक्ट २००० च्या कलम ८ नुसार इलेक्ट्रॉनिक गॅझेट चालतं, आणि दोन्हीकडे आलं तर जे आधी आलं त्याचीच तारीख धरायची. तरी केंद्राचं छापील गॅझेट बंद व्हायला २०१५ उजाडलं, म्हणजे मुभा मिळूनही पंधरा वर्षं कागद चालूच होता, कायदा आडवा नव्हता हो, सवय होती.

म्हणून एक तक्ता करा आणि प्रत्येक छपाईसमोर लिहा की ती कायद्यातली आहे, रूलमधली आहे का नुसती सवय. सवय असेल तर एका ऑफिस ऑर्डरमध्ये काम होतं. रूलमध्ये असेल तर जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट १८९७ चं कलम २१ बघा, ज्याला रूल करायचा अधिकार त्यालाच तो बदलायचा किंवा रद्द करायचा अधिकार, पण त्याच पद्धतीने, म्हणजे गॅझेटमधली अट काढायलाही आधी गॅझेटमध्येच यावं लागतं (हसू येतं, पण आहे असं). कायद्यातच असेल तर मग संसद, तिथे घाई करून उपयोग नाही.

खर्च मांडताना फक्त कागद आणि शाई धरू नका. पाठवणी, कपाटांची जागा, आणि जुन्या पुस्तकात करेक्शन स्लिपा चिकटवत बसणाऱ्या क्लार्कचे तास, खरा पैसा तिथे जातो आणि तो कुठल्याच बिलात दिसत नाही.

एक मात्र सांभाळा, पार्ट टू ऑर्डरला हात लावू नका. लग्न, मूल, रजा यांची नोंद त्यातूनच पे अकाउंट्स ऑफिसला जाते आणि जवानाचा पगार त्यावर हलतो, ती ऑनलाइन जाऊ दे पण बंद नको.

तारखाही जपा. २०१७ चे पे रूल्स १ जानेवारी २०१६ पासून लागू झाले, अशा मागच्या तारखेवरून एरियर्सचा किंवा पेन्शनचा वाद वीस वर्षांनी निघाला तर कोणाला तरी मूळ नोटिफिकेशन दाखवावं लागणारच, तेव्हा डिजिटल सहीची फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि रेकॉर्डला चार छापील प्रती राहू द्या. बाकी गठ्ठे ज्या पत्त्यांवर जातात त्या सगळ्यांना महिनाभर आधी कळवा, कोणी "आम्हाला लागतं" म्हणालं तर कशासाठी ते लेखी मागा.